एक बुद्धाला, एक हवेला

रामटेके काका रोज सकाळी दोन उदबत्त्या लावतात. एक बुद्धाला, एक हवेला. पहिली केबिनमधल्या छोट्या मूर्तीसमोर. दुसरी घेऊन ते बोटीच्या डेकवर येतात, हात लांब धरतात आणि धूर कुठे जातो ते बघत उभे राहतात. "काय म्हणते हवा, काका?" असं विचारलं, तर धुरावरची नजर न काढता दिशा सांगतात.

जर्सी सिटीच्या मरीनामध्ये आमच्या दोन बोटी शेजारीशेजारी बांधलेल्या. मध्ये जेमतेम एक माणूस चालेल एवढा फळ्यांचा धक्का. चांगला बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून बोटीवर राहायचं खूळ माझं. माझ्या बायकोनं, मनालीनं, ते फक्त एका वर्षापुरतं मंजूर केलं होतं. काका मात्र इथले कायमचे. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत हवा खेळती ठेवायचं काम त्यांनी केलं, मग इकडे अमेरिकेत येऊन बोगद्यांमधल्या पंख्यांचं. काकू गेल्यावर घर विकलं आणि ही बोट घेतली. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "इथं हवा भरपूर आहे जी."

त्यांच्या डिझेल हीटरची धूर सोडणारी नळी नेमकी आमच्या खिडकीकडे तोंड करून. विजेचा हीटर लावला की त्यांचा ब्रेकर उडतो, आणि नळी दुसऱ्या बाजूला न्यायची तर बोट पाण्याबाहेर काढावी लागते. ते उन्हाळ्याशिवाय होत नाही. त्यामुळे डिसेंबर लागला आणि डिझेलचा वास आमच्या उशीपर्यंत आला. मी जाऊन दार वाजवलं की काका ओशाळून हीटर बंद करत, मग मला बसवून घेत आणि अर्धा तास कार्बन मोनॉक्साइड शिकवत. "त्याला वास नसते, रंग नसते. धुराचा वास आला तर उपकार समजा, सावध तरी होता येते." शिवाय चहा पाजत.

अधूनमधून ते आमच्याकडे तपासणीलाही येत. आमच्या गॅसच्या अलार्मचं बटण दाबायचं, तो किंचाळला की समाधानानं मान डोलवायची. एका सकाळी त्यांनी विचारलं, "डोकं दुखून राहिलं का कोणाचं?" मनाली नुकतीच एका कॉलवरून उठली होती. सहज "हो" म्हणाली. मिनिटभरात आमच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि आम्ही दोघं ऐन जानेवारीत ब्लँकेट गुंडाळून धक्क्यावर.

"काका, मॅनेजरमुळे दुखतंय," मनाली म्हणाली.

काकांनी हातातला मीटर बघितला. "मॅनेजर यात दिसत नाही," ते म्हणाले आणि आणखी दहा मिनिटं आम्हाला आत सोडलं नाही.

त्या दहा मिनिटांत कुडकुडत मनालीनं त्यांना सांगून टाकलं की तिला दिवस गेलेत, आणि हल्ली त्या वासानं फार मळमळतं. काका नुसते मान हलवून आपल्या बोटीत गेले.

त्यानंतर धूर बंदच झाला. वारा आठवडाभर त्यांच्याकडून आमच्याकडे वाहत होता, तरी वासाचं नाव नाही. काकांनी काहीतरी जुगाड केला असणार, असं आम्ही परस्पर ठरवलं आणि आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

शनिवारी आमचा पाण्याचा पाइप गोठला, म्हणून विचारायला गेलो. काका दोन जॅकेटं आणि हातमोजे घालून केबिनमध्ये बाकावर बसले होते. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"हीटर बिघडला का काका?"

"नाही जी. हवा तुमच्याकडे जाऊन राहिली."

"आठवडाभर?"

"आता हवेला काय सांगता? पोरीच्या पोटात लेकरू आहे."

मला रागच आला. त्यांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी म्हटलं, "सांगायचं तरी. आम्ही चार दिवस मैत्रिणीकडे राहायला गेलो असतो. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"थंडीचं काही नाही," ते हातमोज्यांकडे बघत म्हणाले. "धूर बंद झाला, तसं तुमचं येणंही बंद झालं. तेवढंच जाणवलं. दार वाजवणारं दुसरं कोणी नाही ना इथं."

मला इतकी लाज वाटली की पाइपचं विचारायचं राहूनच गेलं.

"चला काका, आमच्याकडे."

"काहून? वास येते का?" ते दचकून उभे राहिले.

"नाही. जेवायला."

 त्या गारठ्यात दोन्ही जॅकेटं काढून काका आपला चांगला शर्ट शोधू लागले.