एकट्याच्या होडीचा पुनर्विकास

या वर्षी हितेंद्र कादंबरी पूर्ण करणारच होता! नायगावच्या अख्ख्या चाळीत कुणालाही त्याबद्दल शंका नव्हती, कारण अजून कुणाला हे माहीतच नव्हतं.

कादंबरीचं नाव 'एकटा'. धुक्याचा समुद्र, एक होडी, होडीत एक माणूस. बस्स! दुसरं पात्र नाही, संवाद नाही, किनारासुद्धा नाही. एका खोलीत सहा जणांत वाढलेल्या माणसाला असलीच स्वप्नं पडतात. हितेंद्रला तर ती उभ्या उभ्या पडायची. नळावर दात घासता घासता त्याच्या डोळ्यांत धुकं उतरायचं आणि मागची रांग ओरडायची, "ए हितू, नळ सोड!"

दर नववर्षाला तो लिहायला बसायचा आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर उत्साहही संपायचा. आयुष्यात एकदा तरी शेवटचं पान लिहायचं, एवढीच त्याची इच्छा होती. यंदा मोबाइलवर एका प्रेरणादायी माणसाने त्याला उपाय दिला. ध्येय कुणाला तरी सांगून टाका! मग लाजेकाजेस्तव हातून काम होतं.

हितेंद्रने आनंदाकाकांना सांगितलं.

ही चूक मालवणी घरातच होऊ शकते. आनंदाकाका चाळीचं गाऱ्हाणं घालायचे. कुणाचं लग्न असो की कुणाचा मुतखडा, काका हातात नारळ धरून सगळं देवाच्या कानावर घालणार आणि मागून चाळ होकार देणार.

एक जानेवारीला सकाळी काका चाळीच्या देवळापुढे उभे!

"बा देवा म्हाराजा! ह्या आमच्या हितूक कादंबरी लिवची आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"दरवर्सा सुरू करता नि वाटेत सोडता! ती पाडव्यापर्यंत पुरी होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथवर ठीक होतं. पण काकांना सूर लागला होता. "आणि त्या कादंबरीत चाळीतल्या ल्हान-थोर सगळ्यांक बरी जागा गावांदे रे म्हाराजा!"

यावरचा होकार एवढा दणदणीत होता की नारळ बहुधा आवाजानेच फुटला.

"अहो काका, माझ्या कादंबरीत एकच माणूस आहे!"

"मगे? म्हंजे जागा आसा ना?"

चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. त्यामुळे 'जागा' हा शब्द तिथे कुणी सहज ऐकत नसे. संध्याकाळीच पुनर्विकास समितीचा गौतम दारात हजर.

"होडी किती स्क्वेअर फुटांची?"

"गौतम, ती मनातली होडी आहे रे!"

"बिल्डर पण हेच बोलतो. कार्पेट एरिया सांग."

दुसऱ्या दिवशी चाळीत मासे घेऊन येणाऱ्या तुळसामावशीने सुरमईची डोकी फुकट दिली. "माज्या पाटीला जागा ठेव रं. नि वाऱ्याच्या बाजूला ठेव, वास येतो बोलून लोकं भांडतात."

मग हितेंद्र लिहीतच सुटला. न लिहून सांगतो कुणाला! नळावर रोज चौकशी व्हायची, "आम्ही आलो का?" होडीला आधी बाक आला, मग माळा, मग सात माळे आणि लिफ्ट. चारी बाजूंनी समुद्र असूनही भांडणं पेटली, "आम्हाला मागच्या बाजूचा समुद्र नको!" गौतमने चिठ्ठ्या टाकून मजले वाटले.

"दादा, तुझा 'एकटा' म्हणजे लालबागची दर्शनाची रांग झालीय!" बहीण प्राची म्हणाली. स्वतःसाठी मात्र तिने खिडकी मागून घेतली.

तरी कधी कधी जादू व्हायची. धुक्यातून ती चाळीएवढी होडी निघायची, गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या साड्यांत वारा भरायचा आणि शिडाची गरजच उरायची नाही. हे वाक्य लिहून हितेंद्र बराच वेळ त्या वाऱ्यातच बसून राहिला. तोवर दूध उतू गेलं.

मार्चमध्ये गौतमने हस्तलिखित तपासलं. "हा कोण?"

"नायक!"

"मूळ रहिवासी असल्याचा पुरावा?"

"अरे, होडी त्याची आहे!"

"असेल ना. पण नाव नाही, आडनाव नाही, लाइटबिल नाही. अपात्र!"

"मग त्याने जायचं कुठे?"

"ट्रान्झिट कॅम्पात. तात्पुरतं."

म्हणून बिचाऱ्या नायकासाठी हितेंद्रला एक किनारा लिहावा लागला. तो लिहिताना मात्र त्याच्या अंगावर काटा आला. त्याला तिथे उतरवून गर्दी होडीत बसून पुढे निघून गेली होती. मागे उरलं होतं ते अगदी त्याच्या स्वप्नातलं!

पाडव्याला गॅलरीत सगळ्यांसमोर त्याने शेवटचं पान वाचलं. "धुकं होतं. किनारा होता. किनाऱ्यावर तो होता. एकटा." वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले. झाली! पूर्ण झाली!

मग काका खाकरले.

"एकटोच? रात्रीचो?"

"काका, तेच तर सगळं..."

"जेवाण कोण घालतला त्याका?"

"माजी पाटी तिथं उतरव रं," तुळसामावशी डोळे पुसत म्हणाली. "मी बसते त्याच्यासंगट."

"ट्रान्झिटमध्ये मीटिंगला कोणीतरी पाहिजेच," गौतम म्हणाला.

प्राचीने होडीतली आपली खिडकी सोडली. काकांनी गुढीजवळचा नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! त्या पोराक सोबत गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हितेंद्रने निमूटपणे पेनाचं टोपण काढलं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की या खेपेला सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला होता.