कोंडवाड्यातला चैनलाल

सन १९३७ च्या आषाढात, ऐन भाताच्या रोवणीच्या तोंडावर, दरेकसाजवळच्या एका गावात एक शरीर बेवारस आढळलं. शरीर जिवंत होतं, मांडी घालून बसलेलं होतं आणि त्यात चैनलाल नावाचा शेतकरी राहत होता.

चैनलाल काही वर्षं रंगूनच्या भातगिरणीत होता. तिथल्या एका बौद्ध भिक्षूकडून तो ध्यान शिकून आला. रोज टाळूपासून पायाच्या नखापर्यंत तो मनानेच शरीर चाचपत जाई. आधी मुंग्या येत. मग हात कुठे संपतो ते कळेनासं होई आणि मांडीवरचा तळवा कुणी विसरून गेल्यासारखा वाटे. गुडघा ठणकला की तो म्हणे, "ठणका येऊन राहिला, जाऊन राहिला. माहा नाही."

"मंग रोवणी कोणाची?" बायको फुलवंता भडके. "धानाचे पऱ्हे जून होऊन राहिले. शरीर तुमचं नसन तं नसन, दोन हात तेवढे द्या!" रोपं वेळेत लावायला ते दोन हात मिळाले नाहीत तर वर्षभर खायचं काय, हा तिचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

तेवढ्यात गावाचे मालक, मालगुजार टेकचंद, यांचे दिवाणजी केशोराव बेगारीचा, म्हणजे फुकट राबण्याचा, हुकूम घेऊन आले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकायला घरटी एक माणूस हवा होता.

"दिवाणजी, हे शरीर माहं नाही," चैनलालने हात जोडले. "दुसऱ्याची चीज मी कशी देऊ?"

ताप, हगवण, मेलेली सासू ही कारणं दिवाणजींच्या अंगवळणी पडली होती. हे नवीन होतं. प्रकरण दौऱ्यावरच्या नायब तहसीलदारांपुढे गेलं. साहेब कायद्याचे गाढे जाणकार होते. मालक नसलेली, स्वतःच्या पायांनी हिंडणारी चीज कोंडवाड्यात जाते, असा त्यांनी निर्वाळा दिला. चैनलालला दोन म्हशींशेजारी कोंडण्यात आलं. म्हशींनी हरकत घेतली नाही.

फुलवंता धावत आली. "साहेब, माहा नवरा आहे. सोडा त्याले."

"ओळखीची खूण?"

"पाठीवर तीळ आहे."

"तीळ चालत नाही. डाग दिलेला हवा."

मग टेकचंद विनयाने पुढे झाले. या शरीराचा बाप आणि आजा आपल्याच शेतात राबले, तेव्हा वहिवाट आपली, असं त्यांनी सांगितलं. साहेबांना वहिवाट तत्काळ पटली.

चैनलालचं ध्यान खाडकन मोडलं. "साहेब, शरीर माहंच आहे! गुडघा दुखून राहिला ना!"

"उशीर झाला," साहेब म्हणाले. "मालाला स्वतःच्या मालकीसाठी अर्ज करता येत नाही."

शरीर टेकचंदांच्या ताब्यात गेलं. "आन् त्याले जेवाले कोण घालन? दुखलं-खुपलं तं?" फुलवंताने विचारलं.

"भूक, ताप आणि दुखणं मूळ रहिवाशाकडेच राहील," साहेबांनी निकाल पुरा केला.

ती एकटीच रोवणीच्या चिखलात उतरली. मला तिचं फार वाईट वाटतं.

चैनलालला मात्र तुम्ही खुशाल हसा. भोळा माणूस, खरं बोलला आणि फसला. तुमचं तसं नाही. तुमचं शरीर तुमचंच आहे, अशी तुमची पक्की खात्री आहे. उद्या कचेरीत तुमच्या साहेबाची घंटा वाजली की न उठता बसल्या जागी बसून बघा.