वारुळाचा दणदणीत विजय

एका जंगलात, बाळांनो, वाळवीचं एक वारूळ होतं. त्याच्या पोटातून वर गेलेल्या नळ्यांमधून वारा खेळायचा. वारूळ त्यावरच जगायचं. तळाशी राणीआई. सगळ्या वाळव्या तिचीच लेकरं. तिला जागचं हलता येत नसे. तिला सांभाळायचं काम सेनापती दणकेरावांचं. त्यांचा आईवर भारी जीव. उठता बसता तसं सांगायचेही.

एका सकाळी पहाऱ्यावरची तानी धापा टाकत आली.

"सेनापतीसाहेब, नळीत लाल मुंगी शिरलीय!"

"किती?"

"आत्ता एकच. पण भावकीला घेऊन येईल ना!"

"आली की बघू. उगाच घबराट नको पसरवू," म्हणत दणकेरावांनी कूस बदलली.

भावकी आली. पिल्लं पळवू लागली. आता कुठे साहेबांना आई आठवली. त्यांनी भिंतीवर डोकं आपटलं. ठक!

आता या वारुळाची रीत ऐका. ठोका ऐकला की आपणही डोकं आपटायचं आणि धावत सुटायचं. का, कुठे, हे विचारायचं नाही. झालं! ठोक्यावर ठोके. सगळी फौज नळ्यांत. हे शिपाई तोंडातून चिकट चीक फेकतात. तो मुंग्यांवर फेकला. मुंग्या दिसेनात तेव्हा भिंतींवर फेकला. मग एकमेकांवर.

"साहेब, मुंग्या कधीच मेल्या!" तानी खोकत म्हणाली. "आवरा यांना. नळ्या बुजल्यात. आईला धाप लागलीय."

दणकेराव गोंधळले. थांबायचा ठोका वारुळात कुणाला ठाऊकच नव्हता.

"धाप लागलीय? म्हणजे शत्रू अजून आत आहे!" त्यांनी जीव खाऊन डोकं आपटलं.

उरलेसुरले शिपाईही धावले. एक नळी मोकळी होती, तीही बुजली.

चिकातून वाट काढत दणकेराव तळाशी पोचले. "आई, जिंकलो गं!"

"दणक्या," आई कशीबशी म्हणाली, "जरा वारा येऊ दे रे." मग ती काही बोललीच नाही.

दणकेरावांना रडू फुटलं. रडता रडता सवयीनं त्यांनी भिंतीवर डोकं आपटलं. ठक.

या खेपेला कुणीच उलट ठोका दिला नाही.

तात्पर्य : शत्रू एकटा असेल तेव्हा खुशाल झोपावं. लढावं ते तो मेल्यावर, आणि अगदी त्वेषानं. विजय हमखास मिळतो. बघायला घरात कुणी उरत नाही, एवढंच.