माहिती घ्यायला आलोय

संगमेश्वरला एका गोष्टीची पक्की खात्री होती: प्रश्नाला उत्तर देण्यात त्याचा हात धरील असा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचा होता!

खात्रीला आधार होता. लातुरातल्या क्लासच्या गल्लीत त्यानं दोन वर्षं घासली होती. त्या गल्लीत पोराच्या कानात एकच मंत्र फुंकतात. प्रश्न दिसला की उत्तर. जो थांबला, त्याचा नंबर गेला. संगमेश्वर कधीच थांबला नाही. नंबर तरीही गेला. झटपट दिलेल्या उत्तरांतली निम्मी चुकली होती, पण हा बारीक तपशील त्यानं घरी सांगितला नाही, आणि घरच्यांनीही तो मुद्दाम उकरला नाही.

डॉक्टरकी हुकली, तेव्हा त्यानं 'फिजिशियन असिस्टंट'ला नाव घातलं. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली राहून रोग्याची विचारपूस करायची, तपासणीला हात लावायचा, आणि निर्णय मात्र डॉक्टरांवर सोडायचा. रेणापुरात त्याचे वडील गुरुबसप्पा भुसार दुकान चालवायचे. ते गिऱ्हाइकांना सांगत, "पोरगं डॉक्टरच झालं म्हणा की!" व्यापारी माणूस! पोत्यावरचं नाव ठळक लिहायचं, आत काय भरलंय ते गिऱ्हाइकानं हात घालून बघावं.

शेवटच्या वर्षी पोरांना दवाखान्यात पोस्टिंग असते. संगमेश्वरला मिळाला वहिदा मॅडमचा वॉर्ड. मॅडम बारीक चणीच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. पण त्या चष्मा काढून पुसायला लागल्या की वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा आपापल्या चुका आठवायला लागत.

पहिल्याच दिवशी मॅडमनी अपेक्षा सांगितल्या.

"वेळेच्या आधी यायचं. विचारल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. आपल्या मनानं नातेवाइकांना काही सांगायचं नाही. पेशंटशी पहिलं वाक्य, 'मी डॉक्टर नाही, विद्यार्थी आहे.' आणि शेवटची गोष्ट. माहीत नसेल, तर 'माहीत नाही' म्हणायचं. जमेल?"

"जमेल!" संगमेश्वर म्हणाला. प्रश्न पुरता संपायच्या आतच म्हणाला!

पहिल्या आठवड्यात राउंडला मॅडमनी एका रोग्याबद्दल विचारलं, "ताप किती दिवसांपासून?" संगमेश्वरनं त्याला विचारलेलंच नव्हतं, तरी ठोकून दिलं, "चार दिवस, मॅडम."

रोगी उठून बसला. "मला कुठला ओ ताप? माझा पाय सुजलाय. ताप त्या पलीकडच्याला हाय!"

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. "आणखी एक केस ऐकेन. ती नीट झाली नाही, तर पोस्टिंग परत पहिल्यापासून."

परत पहिल्यापासून म्हणजे बरोबरीची पोरं पुढं जाणार, हा तिथंच राहणार. आणि रेणापुरात पोत्यावरचं नाव पुसायची वेळ येणार.

तेव्हा पुढची केस अशी मांडायची, की मॅडमना विचारायला प्रश्नच उरू नये!

ती केस म्हणजे सिद्धम्मा. निलंग्याकडच्या एका गावची सत्तरीची म्हातारी, बीपीची गोळी चालू असलेली. भूकंपात जुनं गाव आडवं झालं, मग सरकारनं माळावर नवं वसवलं, तिथली. अंगणात चक्कर येऊन दोनदा पडली, म्हणून सून सिंधु तिला घेऊन आली होती. आल्या आल्या म्हातारीनं एक उद्योग केला. पलंग ओढत ओढत थेट दारात आणला. सिस्टर ओरडली, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे की माय, हितं वारं लागतंय." वारं कसलं! दारासमोर भिंत होती.

संगमेश्वर सकाळीच ताठ कॉलरीनं तिच्यापुढं उभा राहिला. 'मी विद्यार्थी आहे' हे वाक्य ओठांवर आलं. पण विद्यार्थ्याला कोण सांगतंय मनापासून? त्यानं ते गिळलं आणि आवाज जड करून म्हणाला, "आजी, तुमची सगळी माहिती घ्यायला आलोय."

झालं! सासू-सुनेनं एकमेकींकडं पाहिलं.

आता इथं वाचकांना जरा समजावून सांगायला हवं. भूकंपानंतर त्या गावांत लोक आले ते वर्षानुवर्षं येतच राहिले. कुणी पत्रे वाटायला, कुणी भांडी द्यायला, कुणी नुसतेच मोजायला. स्वच्छ कपड्यांतला माणूस येऊन 'माहिती घ्यायला आलोय' म्हणायचा. ज्यानं 'बरं चाललंय' असं खरं सांगितलं, तो मागं राहिला. ज्यानं कण्हत सांगितलं, त्याच्या दारात ब्लँकेट पडलं. हा धडा कुठल्या क्लासात मिळत नाही, पण त्या गावांत तो शेंबड्या पोरालाही पाठ!

"घरात माणसं किती?"

"सात," सिद्धम्मा म्हणाली.

सिंधुनं चमकून पाहिलं.

"डोकं दुखतं?"

"हाव. लई."

"छातीत?"

"छातीत तर इचारूच नगंस बाबा."

"डोळे?"

"येक गेल्यातच जमा हाय."

"आत्या, गुडघं ऱ्हायले!" सिंधु म्हणाली. तिकडं सून सासूला आत्याच म्हणते.

"गुडघं दोनी घे. कंबर बी घे."

संगमेश्वर हरखला! आयुष्यात पहिल्यांदाच पेपर सोपा निघाला होता. जे विचारावं त्याला हो!

शेजारच्या पलंगावरचे चंद्रप्पा कान टवकारून होते. "साहेब, माजं बी घ्या की. कागदं लागतेत का?"

संगमेश्वरला वाटलं, जुने रिपोर्ट म्हणतायत. "असतील तर बरंच."

"आन् मिळंल ना पर?"

आराम मिळेल ना, असं विचारतायत हे उघडच होतं. "मिळेल की! लवकरच!"

तेवढं पुरे होतं. सिंधु मोबाइल घेऊन कॉरिडॉरमध्ये गेली. "या म्हनावं समदे. आदार कार्ड घिऊन या. हितं दवाखान्यातच माहिती घ्यायलेत. पोरगं नवंय, समदं लिवून घ्यायलंय!"

दुपारी मॅडम राउंडला आल्या, तेव्हा कॉरिडॉरमध्ये जीपभर माणसं उतरली होती. दोघं लंगडत होते. त्यातल्या एकाचा लंगडा पाय मध्येच बदलला. दारावरचा वॉचमन नजीर त्यांना रांगेत उभं करत होता. "लाईन में, लाईन में! बुढ्ढे लोगां आगे!"

मॅडमनी विचारलं, "नजीरभाई, हे काय?"

"डाक्टरसाब नावां लिख रहे, मॅडम." मग नजीरनं हळूच पुस्ती जोडली, "मेरी भी कमर दुखती. डाल देते तो..."

मॅडम संगमेश्वरकडं वळल्या. नुसतं म्हणाल्या, "केस सांगा."

संगमेश्वरनं दम लागेपर्यंत केस सांगितली. डोकं, डोळे, छाती, कंबर, गुडघे, हातापायांना मुंग्या, भूक नाही, चव नाही, घरात माणसं सात!

"एवढं सगळं असून बाई चालत आल्या?"

"हो मॅडम!"

मॅडमनी चष्म्याला हात लावला, पण पुसला नाही. "छातीत दुखतंय म्हणालात. वय सत्तर, चक्कर येतेय. मग हृदय आजच तपासायला हवं. पेशंटबरोबर तुम्ही जायचं."

तपासणीची खोली तळघरात होती.

व्हीलचेअर उतारावरून खाली जाऊ लागली तशी सिद्धम्मा मागं वळून वळून बघू लागली. खाली पोचल्यावर तिनं वर पाहिलं. डोक्यावर स्लॅब, त्याच्यावर मजला, त्याच्यावर आणखी मजला. तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

"आत नगं."

"आजी, पाचच मिनिटं..."

"आत नगं रं बाबा! आत नगं!"

संगमेश्वरनं धीर द्यायला खुर्ची जरा पुढं ढकलली. म्हातारीचे डोळे फिरले आणि तिची मान एका बाजूला कलंडली.

त्या क्षणी, ज्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येत होतं तो पोरगा, "मॅडम! मॅडम!" एवढंच ओरडू शकला.

मॅडम धावत आल्या. नाडी पाहिली, पाय उचलून धरायला लावले, हाताला सलाईन लागलं. नजीरनं स्ट्रेचर ओढलं. थोड्या वेळानं म्हातारी शुद्धीवर आली, तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "बाहेर घ्या. उघड्यावर." पार्किंगच्या कडेला कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली स्ट्रेचर लावलं. हृदय तपासायचं चाकांवरचं यंत्र तिथंच आणलं. हृदय ठणठणीत निघालं.

"तुमच्या एवढ्या तक्रारींत ही बाई का पडते, ते एकदाही आलं नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या सकाळी परत ऐकेन. आणि बाहेरची माणसं तुम्हीच परत पाठवायची."

माणसं परत पाठवणं सोपं नव्हतं. संगमेश्वर हात जोडून म्हणाला, "मी कुणी साहेब नाही. शिकणारा आहे. माझ्याकडून काही मिळायचं नाही." कुणी चिडलं नाही. असंही त्यांनी बरेचदा ऐकलं होतं. लंगडणारे दोघं सरळ चालत जीपकडं गेले.

तो लिंबाखाली आला. सिंधु चहा आणायला गेली होती. सलाईनची बाटली फांदीला बांधलेली. तो खाली मान घालून उभा राहिला.

"आजी, चुकलं माझं. मी डॉक्टर नाही. विद्यार्थी आहे. माझ्याकडं द्यायला काहीच नाही."

सिद्धम्मानं त्याला नीट न्याहाळलं. "काईच न्हाई?"

"काहीच नाही."

"मंग बस की," ती म्हणाली. "उबा कशाला ऱ्हायलास?"

तो झाडाच्या बुंध्याशी बसला. प्रश्न तोंडाशी येत होते. ते त्यानं पहिल्यांदाच गिळले.

बऱ्याच वेळानं म्हातारी आपणहून बोलली. "वीरभद्रानं, माज्या ल्योकानं, पत्रे काडून स्लॅब टाकला. लई हौसेनं. सिंधुला तर गावभर मिरवावं वाटतंय. मी कुन्या तोंडानं नगं म्हनू? दोगं झोपले की अंगनात खुर्चीवर बसतो मी. उजाडेस्तवर. मोरी बी आतच बांदलीय, स्लॅबखाली. रातचं आत जावं लागंल म्हनून दिस कलला की पानीच पीत न्हाई."

"आणि बीपीची गोळी?"

"ती न चुकता घेतो की. कोरडीच गिळतो."

संगमेश्वरच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. उत्तर तोंडातून निसटणारच होतं. त्यानं दात आवळले. मग भीत भीत विचारलं, "आणि घरात माणसं सात...?"

"सातच की." म्हातारी फांदीवरच्या बाटलीकडं पाहत होती. "मालक, दोन पोरी, माजी सासू. मी, वीरभद्र, आन् आता ही सिंधु. भूकंप झाला तवा बी येक साहेब इचारायला आला. मी समदे सांगितले. त्यो म्हनला, बाई, जित्ते तेवडेच सांग." तिनं नजर संगमेश्वरकडं वळवली. "बाकी समदं मी तुला सकाळी खोटं सांगितलं, लेकरा. त्येवडं खोटं न्हाई."

पाठीमागं कपबशी वाजली. सिंधु कधीची उभी होती. चहा सांडत होता, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"आत्या, आदी सांगायचं की वो!"

"सांगून काय स्लॅब काडला असता?"

"अंगनात पत्र्याचं शेड मारलं असतं! मोरी बी भाईर बांदली असती! लोकं काय, बोलतेत चार दिस!" एवढं बोलून ती पदरानं नाक पुसत सासूच्या उशाशी बसली. थंडगार चहा सासूनं मुकाट्यानं पिऊन टाकला.

सकाळी राउंडला संगमेश्वरनं केस सांगितली. लहानशीच झाली. रात्रभर जागरण, संध्याकाळनंतर पाणी बंद, त्यावर कोरडी बीपीची गोळी. पहाटे खुर्चीवरून उठताना बीपी उतरतं आणि तोल जातो.

"गुडघे?"

"तक्रार नाही, मॅडम."

"डोळा?"

उत्तर जिभेवर आलंच होतं. "माहीत नाही, मॅडम. मी तपासला नाही."

"घरात माणसं?"

"सात."

"सून तर तीन म्हणते."

"राहतात तीन. आहेत सात."

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. बराच वेळ पुसला. सगळा वॉर्ड आपापल्या चुका आठवायला लागला. मग त्याच्या पोस्टिंगच्या वहीत सही करून त्या पुढच्या पलंगाकडं निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "सिस्टर, यांचा पलंग दारातच राहू द्या. गोळीचं मी बघते."

संगमेश्वरची छाती पुन्हा जराशी फुगली. आता आपल्याला जमलं! तो तडक चंद्रप्पांच्या पलंगापाशी गेला, स्टूल ओढून बसला आणि पहिलं वाक्य खणखणीत म्हणाला, "मी डॉक्टर नाही, विद्यार्थी आहे. माझ्याकडं द्यायला काही नाही."

चंद्रप्पांनी उशाखालचं आधार कार्ड काढलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा उशाखाली सरकवलं.

"मंग आलाव कशाला?"

प्रश्नाला उत्तर देण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तो संगमेश्वर पुष्कळ वेळ विचार करत बसला.

"माहीत नाही," तो म्हणाला.