हॉबर्टच्या वाटणीची रताळी

आँट व्हर्नेलचा घोटा मोडला नसता, तर हॉबर्टच्या डोक्यात रताळी शिरलीच नसती. म्हातारी मागच्या पायरीवरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि थँक्सगिव्हिंगचा सण अगदी तोंडावर आलेला असताना सगळ्या घराण्यापुढे प्रश्न उभा राहिला की यंदा रताळी कोण करणार. बायको आणि सासूबाई यांचा फोनवर यावर बराच वेळ काथ्याकूट चालला होता. हॉबर्ट शेजारी बसून बुटांना पॉलिश करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मी करतो की."

मोझेलने, म्हणजे बायकोने, त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने उद्यापासून विमान चालवतो म्हणून सांगितलं होतं.

तिचंही चुकलं नव्हतं. मिस ओलीनच्या, म्हणजे हॉबर्टच्या सासूबाईंच्या (मिस हे मानाचं) टेबलावर कुणाचं भांडं यायचं, हे कुणी आपल्या मनाने ठरवत नसे. मिसिसिपीत माणसाची पत बँकेत नंतर कळते. थँक्सगिव्हिंगला त्याला काय आणायला सांगतात, त्यावरून ती आधीच कळलेली असते. ज्याच्या हाताला चव आहे अशी खात्री पटली, त्याला पदार्थ. ज्याच्याबद्दल शंका आहे, त्याला विकतचे पाव. आणि ज्याच्याबद्दल शंकासुद्धा उरलेली नाही, त्याला बर्फ. हॉबर्ट लग्न झाल्यापासून बर्फ आणत होता. (चांगला आणायचा. बर्फ बिघडला अशी तक्रार कधी आली नाही.)

एरवी त्याने तेही गोड मानून घेतलं असतं. पण धाकटा जावई रॉइस, ज्याला घरात येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती आणि जो परवापरवापर्यंत कागदी बशा आणायचा, तो गेल्या वर्षी एकदम मॅकरोनी-चीजवर जाऊन बसला होता. वर सगळ्यांनी दोनदा दोनदा वाढून घेतलं. हॉबर्टला ते फार लागलं होतं. रात्री घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला होता की मॅकरोनी काय, कुणीही करतं. आणि मग स्वतःलाच वाईट वाटून झोपला होता.

"ओव्हन मिळायचा नाही," मिस ओलीन शेवटी फोनवर म्हणाल्या. "टर्की आहे, पावाच्या चुऱ्याचं स्टफिंग आहे. आणि माझ्या घरात रताळ्यांवर मार्शमेलो घालून आणायचे नाहीत."

हा होकार नव्हता, पण नकारही नव्हता. हॉबर्टने तो होकार समजून खिशात घातला. मोझेलने वरच्या फळीवरून विजेवरचा स्लो कुकर काढून दिला. सकाळी भरून बटण लावायचं आणि विसरून जायचं. दुपारपर्यंत मंद आचेवर आपोआप शिजतं. यात बिघडण्यासारखं काही नाही, असं ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही ती असं म्हणाली.

सणाच्या सकाळी हॉबर्ट उजाडायच्या आत उठला. रताळी सोलली, सगळे तुकडे एकसारखे कापले, लोणी, ब्राउन शुगर, दालचिनी, संत्र्याचा रस, वर मूठभर अक्रोडासारखे पेकान. एव्हाना स्वयंपाकघरात मोझेलच्या भोपळ्याच्या पाईंचं काम चालू झालं होतं आणि कट्ट्यावर टाचणी ठेवायला जागा नव्हती. तिने नवऱ्याला भांड्यासकट गॅरेजमध्ये पिटाळलं. तिथे हत्यारांच्या टेबलावर त्याने कुकर मांडला, वायर लावली, लाल दिवा लागला. मग दर दहा मिनिटांनी जाऊन तो झाकण उघडून बघू लागला.

"झाकण उघडलंस की सगळी वाफ जाते," मोझेलने दम भरला. "आता बघायला गेलास तर तुझे हात बांधून ठेवीन."

हॉबर्टला ते पटलं. त्याने झाकण सुतळीने घट्ट बांधलं, भांड्याला दोन जाड टॉवेल गुंडाळले आणि मनावर दगड ठेवून बाहेर पडला. पडताना गॅरेजचा दिवा बंद केला. दिवे बंद करणं हा त्याचा धर्मच होता. तो वीज कंपनीच्या तक्रारीच्या खिडकीवर बसायचा आणि लोकांच्या उधळपट्टीने त्याचा जीव तुटायचा. चर्चमध्येसुद्धा प्रार्थना संपायच्या आत त्याने एकदा मागचे दिवे घालवले होते.

दुपारी निघताना त्याने टॉवेलसकट भांडं उचललं, गाडीत मागच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला. टॉवेलवर हात ठेवून तो बायकोला म्हणाला, "बघ, एवढंसुद्धा ऊन लागत नाही. सगळी ऊब आत. याला म्हणतात बांधणं." मोझेल मांडीवरच्या तीन पाई सांभाळत होती. तिने नुसतं हूं म्हटलं.

मिस ओलीनच्या घरी जेवणाआधी टेबलाभोवती प्रत्येकाने आपण कशासाठी आभारी आहोत ते सांगायचं असतं. बाकीच्यांनी तब्येत, मुलं, नोकरी असं थोडक्यात आवरलं. आँट व्हर्नेलने हाड लवकर जुळतंय म्हणून देवाचे आभार मानले. हॉबर्ट मात्र उभा राहिला. त्याने विश्वासाबद्दल आभार मानले, कुटुंबाबद्दल मानले, रताळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे मानले, आणि शेवटी विजेचेही मानले. ग्रेव्हीवर साय धरली. रॉइसने दोनदा मोठ्याने आमेन म्हणून पाहिलं.

मग मिस ओलीननी स्वतः सुतळी सोडली, झाकण काढलं आणि मोठा चमचा आत घातला. चमचा आत गेला नाही. टक् असा आवाज आला आणि एक तुकडा उडून स्टफिंगमध्ये पडला.

मिस ओलीननी भांड्याला हात लावला. "हे थंड आहे," त्या म्हणाल्या.

वायर लावली होती, लाल दिवा त्याने डोळ्यांनी पाहिला होता, हे हॉबर्टने शपथेवर सांगितलं. नक्की कुकरच बिघडला असणार, असंही त्याने सांगून पाहिलं. मोझेल त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

"हॉबर्ट, निघताना गॅरेजचा दिवा घालवलास?"

"घालवणारच. दिवसाढवळ्या दिवा कशाला?"

"त्या टेबलाचा प्लग त्याच बटणावर आहे रे. तूच बसवून घेतलास. हत्यारं रात्रभर चालू राहू नयेत म्हणून."

रॉइस तोंडावर रुमाल धरून टेबलावरून उठला आणि व्हरांड्यात जाऊन मनसोक्त हसून आला. त्याचं हसू आतपर्यंत ऐकू येत होतं. हॉबर्टच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रोज खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो आधी हेच विचारायचा, की बटण चालू आहे का ते पाहिलंत का. त्याला वाटलं, आत्ता जमीन दुभंगून आपल्याला कुकरसकट पोटात घेईल तर बरं.

जमीन तशीच राहिली. मग त्याने भांडं उचललं, स्वयंपाकघरात नेलं, प्लग लावला आणि समोर खुर्ची टाकून बसला. मोझेल बोलवायला आली, तो गेला नाही. तिने टर्कीची बशी आणून त्याच्या मांडीवर ठेवली, ती त्याने तिथेच खाल्ली. बाहेर जेवणं झाली, पाई खाऊन झाल्या, टीव्हीवर फुटबॉल सुरू झालं. हॉबर्ट लाल दिव्याकडे बघत बसून राहिला. एका हाताने त्याने प्लग धरून ठेवला होता. कुणाचा काय नेम.

उन्हं कलली तेव्हा मिस ओलीन उरलेली टर्की झाकून ठेवायला आत आल्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि समोरची खुर्ची ओढली.

"एवढं कशाला लावून घेतोस?" त्यांनी विचारलं. "रताळीच तर आहेत."

हॉबर्टने खोटं बोलायचा विचार केला, पण दिवसभरात त्याच्यातलं सगळं अवसान गळून गेलं होतं. "तुमच्या टेबलावर माझं एक भांडं असावं असं वाटत होतं मला," तो म्हणाला. "इतकी वर्षं येतो इथे. बर्फ वितळला की माझी काही खूणच उरत नाही."

मिस ओलीननी ओट्यावरचा टॉवेल उचलला, त्याची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली.

एवढ्यात भांड्यातून वास यायला लागला. आधी दालचिनी, मग वितळलेलं लोणी आणि करपायच्या बेतातली साखर. वास दाराखालून बैठकीत गेला. ज्यांनी कोट चढवले होते त्यांनी ते काढून ठेवले. आँट व्हर्नेल कुबड्या टेकत सगळ्यांत आधी दारात आली. खेळ अर्धवट टाकून रॉइसही आला. त्याच्या हातात चमचा होता.

झाकण निघालं तेव्हा रताळी लोण्यासारखी मऊ झाली होती. बशा कुणी घेतल्याच नाहीत. पोटाला तडस लागलेली ती सगळी माणसं स्वयंपाकघरात दाटीने उभी राहिली आणि भांड्यातूनच खाऊ लागली. आँट व्हर्नेल म्हणाली की तिची एवढी मऊ कधी झाली नव्हती, आणि लगेच म्हणाली की हे कुणाला सांगायचं नाही. रॉइसने तळाला चिकटलेली साखर खरवडायला घेतली, तर मिस ओलीननी त्याच्या हातून चमचा काढून घेतला आणि ती स्वतः खाल्ली. हॉबर्टचे डोळे भरून आले. त्याने ते वाफेवर ढकललं.

मिस ओलीननी चमचा चाटूनपुसून खाली ठेवला. "पुढच्या वर्षी रताळी हॉबर्टची," त्या म्हणाल्या.

मोझेलने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. हॉबर्ट खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याच्या डोक्यात आभाराचं पुढच्या वर्षीचं भाषण तयार होऊ लागलं होतं.

"सोलून, चिरून, मसाला लावून सकाळी लवकर माझ्याकडे आणून दे," मिस ओलीन पुढे म्हणाल्या. "कच्चीच आण. तेवढं तुला फार छान जमतं."