मांडवे सरांना बदल मान्य नाही

उंब्रजला हायवेच्या कडेला चिंचेचं एक थोरलं झाड होतं. रस्ता रुंद करताना ते तोडलं, त्याला आता बारा वर्षं होतील. पण आमचे शेजारी मांडवे सर आजही त्या जागेपाशी आले की वळसा घालतात. समोर सरळ डांबरी रस्ता, मागे उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून बेजार, आणि सर नसलेल्या बुंध्याला बगल देऊन सावकाश पलीकडे जातात. कुणी विचारलं तर त्यालाच झापतात, "जे आहे ते नाही कसं होईल? डोकं वापरायचं का फक्त टोपी घालायला ठेवायचं?"

मला या माणसाचा राग येतो. लग्न होऊन सांगलीहून या घरात आले त्या दिवसापासून येतो, आणि मी तो कधी लपवलेला नाही.

सर मूळचे वडूजचे. तालुक्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. पुढे पोरं मिळेनात म्हणून कॉलेजनं विषयच बंद केला, आणि सरांच्या डोक्यातलं सगळं ग्रीस आमच्या सोप्यावर येऊन पडलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रीक तत्त्ववेत्त्यांबद्दल ते असं बोलतात, जणू खटाव तालुक्यातलेच पाहुणे. मिलेटसकर म्हणतात, सगळं मुळात पाणी. इफिससकर म्हणतात, सगळं सारखं बदलतंय. आणि इलियाकर म्हणतात, काहीच बदलत नाही; जे आहे ते एकच, अखंड, आणि बदल दिसतो तो आपल्या डोळ्यांचा खोटेपणा. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी नवऱ्याला विचारलं होतं, "हे इलियाकर आपले कोण लागतात? लग्नात दिसले नाहीत." तो अजून हसतो.

सर इलियाकरांच्या बाजूचे. कट्टर. एकदा एसटीत बसून त्यांनी कंडक्टरला पटवलं की गाडी कराडला पोचूच शकत नाही. आधी अर्धी वाट कापायची, मग उरलेल्याची अर्धी, मग त्याच्याही उरलेल्याची अर्धी, ही अर्धी संपणार कधी? कंडक्टर म्हणाला, "खरं हाय सर, पण तिकीट पुऱ्याचंच काढा." आणि बदल हा भ्रम आहे म्हणणाऱ्या या माणसाला चहा गार झालेला मात्र पहिल्या घोटाला कळतो. दुसरा कप मीच आणून द्यायचा.

त्यांच्याविरुद्ध उभे राहायला गावात एकच माणूस होता, माझे सासरे. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या फाट्याचं दार उघडायचं, पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या रानात पाणी सोडायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. सरांनी इफिससकरांचं म्हणणं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "ह्यो गडी पाटावर कामाला असणार. त्याबिगर हे कळायचं न्हाई." तेव्हापासून भांडण सुरू. रोज दुपारी चारला सर यायचे, खुर्ची ओढायचे आणि विचारायचे, "काय पाटकरी, आज काय बदललं?"

"समदं," आबा म्हणायचे. "सकाळी दार उघडलं तवाचं पानी दुपारी ऱ्हातंय व्हय? आन् दार उघडणारा तरी त्योच ऱ्हातोय का, मास्तर?"

"पाणी गेलं, पण पाट तिथंच ना?"

"पाट बी झिजतोय की."

तीस वर्षं. दोघांपैकी एकानंही एक इंच जागा सोडली नाही. वडूजच्या माणसाला आयुष्यभर तोच दुष्काळ दिसला आणि कृष्णेकाठच्या माणसाला वाहतं पाणी, एवढंच ते भांडण, असं मला वाटायचं. एकदा तसं बोलले, तर दोघंही एक होऊन माझ्यावर तुटून पडले.

दोन वर्षांपूर्वी आबांना विसरायला होऊ लागलं. आधी वार विसरले, मग घरची वाट. मग एके दिवशी मी ताट वाढत असताना मला म्हणाले, "तू कुणाची गं?" बावीस वर्षं मी या माणसाला भाकरी वाढतेय. आत जाऊन रडले आणि पुन्हा आमटी घेऊन आले. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना शांत ठेवा, वाद नको, आवाज नको.

आणि सर चारच्या ठोक्याला हजर. तोच आवाज, तोच प्रश्न. आबा उत्तरासाठी चाचपडायचे, कपाळावर घाम यायचा, शेवटी कसंबसं "समदं" म्हणायचे. माझा संताप संताप व्हायचा. आजारी माणसाला कुणी असं छळतं? नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना. तो म्हणाला, "जुनी माणसं आहेत, राहू दे." राहू दे म्हणायला काय जातंय, रात्रभर आबांच्या उशाशी बसायचं मला.

शेवटी मीच फाटकात उभी राहिले. "सर, उद्यापासून येऊ नका. तुमच्या बोलण्यानं आबांना त्रास होतो."

सरांनी मान हलवली. "बरं. आज आलोय तेवढा बसतो," म्हणाले आणि माझ्या बाजूनं आत गेले. मी चहा टाकला, तोसुद्धा भांडी आपटत.

चहा घेऊन दारात आले तर सर विचारत होते, "काय पाटकरी, आज काय बदललं?"

आबांनी अंगणाकडे बघितलं. मग म्हणाले, "काय बदलतंय? काय बी न्हाई. समदं हाय तसंच हाय."

तीस वर्षं ज्या वाक्यासाठी सर घसा फोडत होते, ते वाक्य. मला वाटलं, झालं, जिंकले, आता गावभर सांगत सुटतील. पण सरांचा चेहरा पार उतरला. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. आणि खुर्चीच्या हातावर थाप मारून गरजले, "कोण म्हणतंय? सकाळी दार उघडलं तवाचं पानी दुपारी ऱ्हातंय व्हय?"

आबांचं बोलणं, आबांच्याच भाषेत.

आबा ताठ बसले. "पानी गेलं तर गेलं. पाट हाय का न्हाई तिथं?"

"पाट बी झिजतोय की!"

"मास्तर, येड लागलंय तुमास्नी," आबा म्हणाले आणि हसले. किती महिन्यांनी त्यांच्या तोंडी 'मास्तर' आलं होतं. दोघं सहा वाजेपर्यंत भांडले. सर हटत गेले, एकेक मुद्दा सोडत गेले आणि शेवटी आबांपुढे चक्क हरले. मी तशीच दारात उभी, चहाचा ट्रे हातात घेऊन.

निघताना फाटकात मी त्यांना गाठलं. तेच चिडून म्हणाले, "बघतेस काय सूनबाई? कॉलेजनं विषय बंद केला, त्यानंतर माझं म्हणणं खोडून काढणारा हा एकच माणूस उरलाय मला. त्याला गप्प बसवून मी कुणाशी बोलू, भिंतीशी?"

मला माझीच लाज वाटली. म्हटलं, "सर, उद्या साडेतीनलाच या."

आले. आबा सोप्यावर बसले होते. त्यांनी सरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "हे कोण गं पाव्हणं?"

मी काही बोलायच्या आत सरांनी खुर्ची ओढली. "तुमचं म्हणणं ज्याला अजिबात पटत नाही, तो मी," म्हणाले आणि आबांच्या समोर बसले.