ऑर्व्हिल ड्रेगर यांचा झेल

हातात आलेली वस्तू आपली झाली असे नेमके केव्हा म्हणावे, हा प्रश्न धर्म आणि कायदा या दोघांनाही नीट सुटलेला नाही. अमेरिकी फुटबॉलने तो सोडवला आहे. एकदा नव्हे, अनेकदा, आणि दर वेळी वेगळा.

विस्कॉन्सिनमधल्या ड्रेगर कुटुंबाची या विषयावरची नियमावली फ्रिजच्या दारावर चिकटवलेली असते. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, टर्की ओव्हनमध्ये असताना, हे कुटुंब मागच्या अंगणात दोन संघ पाडून खेळते आणि हरणारा संघ तेवीस माणसांची भांडी घासतो. नियमावलीनुसार झेल घेणाऱ्याचा चेंडूवर ताबा हवा, त्याचे दोन्ही पाय हद्दीत टेकलेले हवेत, आणि तो पडत असेल तर पडण्याची क्रिया पूर्ण होईपर्यंत चेंडू सुटता कामा नये. (हे शेवटचे कलम व्यावसायिक संघांनी मागेच मोडीत काढले. ड्रेगरांना ते काढता आले नाही, कारण कागद लॅमिनेट केलेला आहे.)

कुटुंबप्रमुख ऑर्व्हिल, वय अठ्ठ्याहत्तर, या सामन्यात एकतीस वर्षे खेळत होते. एकूण झेल: शून्य. याला अपयश म्हणणे अन्यायाचे ठरेल. एकतीस वर्षांत त्यांच्या दिशेने चेंडू आला चारदा, आणि त्यातला एक कुत्र्यासाठी होता. थोरला मुलगा कर्ट त्यांना दर वर्षी गोलरेषेपलीकडच्या, म्हणजे झेल घेतला की गुण मिळतो त्या पट्ट्यातल्या, सफरचंदाच्या झाडाखाली उभे करी आणि "बाबा, ही जागा फार महत्त्वाची आहे," असे सांगे. ऑर्व्हिल ती इमानेइतबारे सांभाळत. मरण्यापूर्वी एक झेल घ्यावा एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, कारण विस्कॉन्सिनमध्ये माणसे असले काही बोलत नाहीत.

यंदा बरोबरी असताना शेवटच्या फेकीला कर्टचा हात घसरला आणि चेंडू झाडाकडे गेला. ऑर्व्हिलनी दोन पावले टाकली, चेंडू छातीशी धरला आणि ते गोठलेल्या गवतावर कमरेवर आपटले. चेंडू हलला. किती हलला, यावर मतभेद आहेत.

"झेल!" कर्ट ओरडला. "जिंकलो! भावोजी, चला, घासणी सिंकखाली आहे."

"कसला डोंबलाचा झेल?" जावई डेल म्हणाला. "चेंडू चांगला डुगडुगला की!"

"डुगडुगले ते बाबा. चेंडू जागच्या जागी होता."

"अरे, मला जरा हात—" ऑर्व्हिल खालून म्हणाले.

"बाबा, हलू नका, पुरावा आहे!" कर्ट म्हणाला.

"आणि बोलूही नका," डेल म्हणाला. "तुम्ही पक्षकार आहात."

या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले. (त्या दिवसातले एकमेव.)

मग रीतसर चौकशी झाली. सात फोनांवरचे चित्रण तपासण्यात आले. तिनांत झेल दिसला, दोनांत दिसला नाही, एकात कोणाचा तरी अंगठा होता आणि एकात टर्की. शेवटी डेलने कायद्याचा मुद्दा काढला. पडण्याची क्रिया संपते केव्हा? माणूस उठतो तेव्हा. ऑर्व्हिल उठलेले नाहीत. त्याअर्थी ते अजून पडतच आहेत. (पडायला लागून तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती.) हे पडणे लांबणार असे दिसल्यावर त्यांच्या अंगावर पांघरूण घालण्यात आले.

ऑर्व्हिलना दुखत होते, अगदी ब्रह्मांड आठवत होते. पण एकतीस वर्षांत इतकी माणसे त्यांच्या झाडाखाली कधी जमली नव्हती, आणि त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्यांनी चेंडू आणखी घट्ट धरला.

त्यांची बायको व्हर्ना टर्की काढायला उठली तेव्हा तिला खिडकीतून हे दिसले.

"अरे मेल्यांनो, माणूस पडलाय तिथे!"

"तोच तर वाद आहे, आई," कर्ट म्हणाला. "पडलाय की पडतोय?"

तिने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. आलेली परिचारिका गुडघे टेकून म्हणाली, "आजोबा, तो चेंडू सोडा बघू. हात तपासायचाय."

"सोडला तर झेल जाईल, पोरी."

"कसला झेल?"

तिला चित्रण दाखवण्यात आले. तिने ते दोनदा पाहिले आणि झेल नाही असे सांगितले. तिच्या ड्रायव्हरने ते एकदाच पाहिले आणि झेल आहे असे सांगितले. परतीच्या वाटेवर ती दोघे एकमेकांशी बोलली नाहीत. मागे ऑर्व्हिल चेंडू छातीशी धरून, नियमानुसार अजून पडत, ताशी साठ मैलांनी चालले होते. शेजारी बसलेल्या व्हर्नाने तेवढे विचारले, "फार दुखतंय का रे?"

भोपळ्याचा 'पाय' हा गोड पदार्थ खाऊन झाल्यावर घरी उरलेल्या एकवीस जणांनी मतदान केले. झेल अकरा विरुद्ध दहा मतांनी मंजूर झाला आणि भांडी डेलच्या संघाने घासली. निकाल इथे मुद्दाम दिला आहे, कारण तो कळल्याशिवाय तुम्ही पान उलटले नसते. कमरेचे काय झाले, हे डेलने विचारले नाही, कर्टने विचारले नाही, आणि इतका वेळ बारकाईने वाचत बसलेल्या तुम्हीही विचारलेले नाही.